लेकराची माहिती कुणाला द्यायची

माझं पाळणाघर कुरुंद्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याची ओसरी, मागं मोरी. हळद काढायच्या दिवसांत वीस-बावीस लेकरं असतात, एरवी दहा-बारा. बायांना लेकरं बांधावर झोळीत टाकून काम करावं लागतं ते बघवत नाही म्हणून पाळणाघर काढलं, असं मी परवान्याच्या अर्जात लिहिलं होतं. खरं कारण एवढंच, की माझी दोन्ही मुलं शिकायला बाहेर गेली, दोन खोल्या मोकळ्या पडल्या आणि मला नुसतं बसवत नाही.

पहिली दोन-तीन वर्षं परवाना नव्हता. तेव्हा सगळं सोपं होतं. लेकरू कुणाचं, हे गावाला माहीत असायचं. संध्याकाळी ज्या आळीला जाणारं जे कुणी असेल ते त्या आळीची चार लेकरं बरोबर घेऊन जायचं. एखादीला यायला उशीर झाला तर तिची जाऊ, नाहीतर शेजारीण, नाहीतर दूध घालून परतणारा एखादा म्हातारा लेकराला खांद्यावर टाकून न्यायचा. जाताना विचारायचा, जेवलं का, रडलं का, पोट बरं आहे का. मी सांगायची. ओसरीच्या भिंतीवर मोठा तक्ता होता. त्यावर लेकराचं नाव, बापाचं नाव, वय आणि वजन. वजन कमी असेल तर लाल खडूनं. रस्त्यानं जाणारा थांबून तक्ता वाचायचा आणि त्या घरी जाऊन सांगायचा, की तुमचं पोरगं लाल झालंय. दुसऱ्या दिवशी आई डब्यात तूप-गूळ जास्त घालायची. माझ्या मते काम बरं चाललं होतं.

मग परवाना मिळाला, आणि त्याच्यासोबत एक पुस्तिका आली.

तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला एक तरुण सर आले होते. त्यांनी सांगितलं, की लेकराची माहिती ही लेकराची असते. त्याचं नाव, आजार, वजन, घरची परिस्थिती, कोण सोडायला येतं, कोण न्यायला येतं, यातलं काहीही त्रयस्थ माणसाला सांगायचं नाही. मी लिहून घेतलं. मग विचारलं, आजी त्रयस्थ का? ते म्हणाले, फॉर्मवर आजीचं नाव असेल तर नाही, नसेल तर हो. डोंगरकडा गावाकडची एक बाई उठली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडं आजीचं नाव आजीलाच इचारावं लागतंय. सगळे तिला म्हातारीच म्हणतात." सगळ्या हसल्या. सरही हसले, पण उत्तर तेच राहिलं.

पुस्तिका मी घरी येऊन तीनदा वाचली. एका पानावर होतं, त्रयस्थाला काही सांगू नका. पुढच्या पानावर होतं, आईबापांपैकी कुणीही मागितली तर लेकराची नोंद त्यांना दाखवा, नाही म्हणू नका. त्याच्या पुढच्या पानावर होतं, की लेकराला धोका वाटत असेल तर माहिती देण्याआधी विचार करा. कुणी करायचा आणि किती वेळ करायचा, ते नव्हतं. शेवटी असंही होतं, की साथीचा आजार निघाला तर सगळ्या पालकांना कळवा, पण कोणत्या लेकराला झाला ते कळू देऊ नका. बारा लेकरांतलं एकच घरी असतं तेव्हा हे कसं करायचं, ते मी अजून शोधते आहे.

तरी मी नियम पाळायचे ठरवले. तक्ता उतरवला. रजिस्टर कपाटात घालून कुलूप लावलं. खिचडी खाणाऱ्या लेकरांचे फोटो मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची, ते बंद केले. पहिला आठवडा बायांनी मला धारेवर धरलं. एक म्हणाली, "माझ्या पोराचा फोटो काहून टाकत न्हाई आता? काळं हाय म्हणून का?" मी म्हटलं, कुणाचेच टाकत नाही. तिला पटलं नाही. त्याच आठवड्यात कार्यालयातून निरोप आला, की रोज जेवणाच्या वेळी लेकरांची तोंडं दिसतील असे फोटो आम्हाला पाठवा. मी फोन करून विचारलं, की हे नियमात बसतं का. पलीकडून सांगितलं, आम्ही त्रयस्थ नाही.

माझी मदतनीस साठीच्या पुढची आहे. काम चोख, तोंड मोकळं. सकाळी नळावर तिच्या कानावर पडलेलं दुपारपर्यंत दोन गावं ओलांडतं. तिला मी समोर बसवून पुस्तिका वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हंजे आपली लेकरं चोरीची हायेत का, बाई?" ओसरीत नावानं हाक मारायची नाही असं बजावलं, तर ती सगळ्यांनाच बाळ्या म्हणायला लागली. एक हाक मारली की सात जण वळायचे.

या सगळ्या गोंधळात ती बाई आली.

पंचविशीची असेल. माहेरी, भावाच्या घरी येऊन राहिलेली. सोबत साडेतीन वर्षांची पोरगी. हळद शिजवायच्या कामावर जायचं ठरलं होतं, म्हणून लेकरू ठेवायला जागा हवी होती. मी फॉर्म पुढं केला. तिनं सगळं भरलं आणि बापाच्या नावाचा रकाना मोकळा सोडला. मी म्हटलं, मोकळं चालत नाही, मोबाईलमधलं ॲप पुढंच सरकत नाही. तिनं थोडा वेळ पेन धरून ठेवला. मग नाव लिहिलं, आणि त्याचा नंबरही लिहिला, न बघता. पुढं आजारपणाचा रकाना होता. काही दुखणं आहे का, मी विचारलं. ती नाही म्हणाली. मी नाही लिहिलं.

उठताना ती म्हणाली, "बाई, माझ्याबिगर कुणाच्या हाती द्यायची न्हाई. भाऊ आला तरी न्हाई. आन् कुणी इचारलं तर हाय म्हणून बी सांगायचं न्हाई."

"तिचा बाप आला तर?"

"त्याच्यासाठीच तर म्हणून राहिले." मग म्हणाली, "ते लोक नेतील तिला. एकदा नेली की मला पुन्हा दिसायची न्हाई."

जास्त मी विचारलं नाही. घरची परिस्थिती विचारावी की नाही, याबद्दल पुस्तिकेत दोन ठिकाणी दोन गोष्टी होत्या. तिची भीती मला समजली आणि तेवढं काम करायला पुरेसं होतं. पोरगी शांत होती, भात खायची, भाजी ठेवायची, दुपारी पालथी झोपायची. आई रोज मागच्या बोळानं यायची आणि मागच्या बोळानंच न्यायची.

महिनाभर ठीक गेलं. मग एका बाजाराच्या दिवशी, दुपारी लेकरं झोपलेली असताना, एक मोटरसायकल थांबली. तिशीचा माणूस, हातात प्लॅस्टिकची पिशवी. चपला खाली काढून तो ओसरीच्या पायरीवर बसला. शिरड शहापूरकडून आलोय, म्हणाला, घरी मेंढरं-बकऱ्या आहेत, बाजारात दोन बोकडं आणली होती. हे सगळं त्यानं मी न विचारताच सांगितलं. मग म्हणाला, "बाई, माझी पोरगी हाय का हितं?"

मी उत्तर आधीच पाठ करून ठेवलं होतं. इथल्या कुठल्याही लेकराबद्दल सांगता येत नाही, तुम्ही अर्ज लिहून द्या, मी वर पाठवते.

"मी बाप हाय."

"असाल."

त्यानं पिशवीतून जन्माचा दाखला काढला आणि माझ्यासमोर धरला. त्यावरचं नाव माझ्या फॉर्मवरच्या नावाशी जुळत होतं. इथं माझं पाठांतर संपलं. बाप नोंद मागतोय, नाही म्हणू नका, असं एक पान सांगत होतं. आई सांगू नका म्हणाली होती. धोका वाटत असेल तर विचार करा, असं तिसरं पान. विचार करायला मी उभीच होते, पण काय विचार करायचा तेच सुचेना. समोर बसलेला माणूस धोक्याचा दिसत नव्हता. पण दिसण्यावर काय असतं.

तेवढ्यात मदतनिसेनं त्याला पाणी आणून दिलं. दारी आलेल्याला पाणी द्यायचं नाही, असा नियम पुस्तिकेतही नव्हता. तो पाणी प्यायला लागला आणि पिता पिता त्याची नजर माझ्या मागं गेली.

मागं फळी होती. फळीवर लेकरांचे डबे ओळीनं मांडलेले असतात. आमच्याकडं स्टीलचं भांडं नाव कोरल्याशिवाय आहेरात देत नाहीत. दुकानदार घर्रकन मशीन लावतो आणि देणाऱ्याचं नाव, गाव, सगळं कोरून देतो. ते भांडं मोडीत जाईपर्यंत राहतं. त्यामुळं लेकराच्या डब्यावर लेकराचं नाव नसतंच. आईच्या लग्नात तो डबा ज्यानं दिला त्याचं असतं. कुणाच्या मामाचं, कुणाच्या नणंदेचं. आम्ही दोघी त्याच नावांवरून डबे ओळखतो आणि ज्याचा त्याला देतो. तक्ता मी उतरवला होता, रजिस्टर कुलपात होतं, फोटो बंद होते. पण भांड्यावरचं नाव ही माहिती आहे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. प्रशिक्षणाच्या सरांच्याही आलं नसेल.

त्यानं पेला खाली ठेवला. "त्यो तिसरा डबा माझ्या बहिणीनं दिलेला हाय," तो म्हणाला. "लग्नात."

मी दारात जाऊन उभी राहिले. मदतनीस माझ्या मागं आली, हातात झाडू होता. मला वाटलं आता हा उठणार, आत घुसणार, आणि उद्या ती आई माझ्या ओसरीत येऊन विचारणार, माझी पोरगी कुठं आहे. तो उठला नाही.

"तुमी काई सांगू नका," तो म्हणाला. "मी सांगतो ते तेवढं ऐकून घ्या. तिला ताप चढला की झटके येतात. दोनदा आलेत. आईनं सांगितलं का तुमाला?" मग स्वतःच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमी सांगणार न्हाई."

पिशवीतून त्यानं दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स काढली. नांदेडला मी नेलं होतं, म्हणाला. डॉक्टर म्हणाले, वय वाढलं की जाईल, पण तोवर जपायचं. ताप यायला लागला की लगेच औषध, अंग ओल्या फडक्यानं पुसायचं, झटका आलाच तर कुशीवर निजवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. हे त्यानं बोटं मोजून सांगितलं, आणि मी ऐकलं का ते बघायला माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे माहिती देणं होतं का, हा प्रश्न नंतर पडला.

झेरॉक्स पायरीवर ठेवून, वर पेला ठेवून तो गेला. पुढच्या बाजारी येतो, म्हणाला. पोरगी बघायची, असं म्हणाला नाही.

मी नियम मोडला की पाळला, ते मला कळेना. मी एक शब्द सांगितला नव्हता आणि त्याला सगळं कळलं होतं. उलट मलाच एक गोष्ट कळली होती, जी फॉर्मवर नव्हती. घेतलेल्या माहितीचं काय करायचं, याबद्दल पुस्तिकेत काही नाही. तिथं सगळं देण्याबद्दल आहे.

मी आमच्या पर्यवेक्षिका मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, फॉर्मवर बापाचं नाव आहे ना, मग तो पालक. मी म्हटलं, आई नको म्हणते. कोर्टाचा कागद आहे का? नाही. मग दोघंही पालक. मी विचारलं, मग उद्या त्यानं पोरगी न्यायला मागितली तर हाती देऊ का? मॅडमनी पलीकडं कागद चाळले. मग म्हणाल्या, "तसं एकदम नका करू. मला लेखी विचारा." मी त्याच दिवशी लेखी विचारलं. उत्तर आलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. आईला सांगितलं तर ती पोरगी घेऊन आणखी लांब कुठंतरी जाईल, जिथं झटक्यांचं कुणालाच माहीत नसेल. नाही सांगितलं तर तिच्याच लेकराची गोष्ट मी तिच्यापासून लपवणार. ती आली तेव्हा हात कोपरापर्यंत पिवळे होते. मी सरळ सांगून टाकलं. मला पोटात ठेवून फिरता येत नाही.

ती भिंतीला टेकली. "तुमी सांगितलं त्याला?"

"मी नाही. डब्यावरून कळलं." मी फळीकडं बोट केलं.

तिनं डबा हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला. "झाकण घट्ट बसतंय म्हणून ह्योच आणून राहिले होते," ती म्हणाली.

मग मी झटक्यांचं विचारलं. ती पोरीच्या केसातली क्लिप काढून पुन्हा लावत राहिली. "सांगितलं असतं तर घेतली असती का तुमी?"

मी खरा विचार केला. दवाखान्याचा कागद आणा, लिहून द्या, वरून विचारते, असं म्हणून मी तिला परत पाठवलं असतं. "बहुतेक नसती घेतली," मी म्हटलं.

"मंग?"

तिच्याकडून मला दुसरी बाजू कळली. तिकडं सासू पोरीला ताप आला की अंगारा लावायची आणि दोन-दोन दिवस घरात ठेवायची. नवरा गप्प बसायचा. दवाखान्यात मी नेली, ती म्हणाली, तो नुसता गाडी चालवत होता. दुपारी तो म्हणाला होता, मी नेलं. मी झेरॉक्सवरची तारीख बघितली. ही बाई सासर सोडून आली त्याच महिन्यातली ती होती. त्यावरूनही मला काही ठरवता आलं नाही. दोघंही खरं बोलत असतील. एकाच गाडीवर तिघं होते.

"उद्यापासून आणत न्हाई तिला," ती म्हणाली.

"मग ठेवणार कुठं?"

 हळद शिजवतात तिथं उकळतं पाणी असतं, वाफ असते, भावजय स्वतः कामाला जाते. मी म्हटलं, उद्या आण. कुणाला काय सांगायचं आणि काय नाही, ते तुझ्या हातानं लिहून दे. पुस्तिकेत काय आहे ते मला समजत नाही, तू लिहिशील ते समजेल. ती मागच्या बोळानं गेली. दुसऱ्या दिवशी येईल असं मला वाटलं नव्हतं.

आली. डबा बदललेला होता. या डब्यावर तिच्या भावजयीच्या मामाचं नाव होतं. फळी मी तोवर आतल्या खोलीत हलवली होती. तिनं वहीचा कागद मागितला आणि पायरीवर बसून लिहायला लागली. मी मधे मधे फक्त विचारत होते. ताप आला तर त्याला फोन करायचा? हो. पडली तर? हो. दवाखान्यात नेली तर? हो. जेवली का विचारलं तर? तेवढं सांगा. ती कुठं कामाला आहे, किती वाजता न्यायला येते, हे सांगायचं नाही. न्यायला द्यायची नाही. या ओळीखाली तिनं दोन रेघा मारल्या. खाली सही. या सगळ्यात तिचा कामावर जाणारा टेम्पो चुकला. अर्धा कागद भरला होता आणि मला त्यातलं सगळं समजलं.

आता मदतनिसेचा प्रश्न होता. पोरगी तिच्याही हाताखाली असते, म्हणजे तिला झटक्यांचं माहीत हवं. तिला सांगितलं तर गावाला माहीत, आणि गावाला माहीत झालं की पोरीला बाहेरचं लागलंय इथपासून सुरुवात. मी तिला म्हटलं, कुठल्याही लेकराला ताप येऊन झटका आला तर काय करायचं ते शिकून घे. ती म्हणाली, कांदा हुंगवायचा. मी म्हटलं, नाही, कुशीवर निजवायचं आणि मला हाक मारायची. ती सगळं नीट शिकली आणि मग म्हणाली, "कोनतं लेकरू, ते मी न्हाई इचारत. पर भाजी न खाणारं हाय ना?" मी तिला ओसरी झाडायला पाठवलं. तिनंही नंतर कुठं काढलं नाही, निदान माझ्या कानावर परत आलं नाही. हे कसं घडलं, ते मला सांगता येत नाही.

पुढच्या बाजारी तो आला. मी कागद काढून त्याला वाचून दाखवला. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावला. दोन रेघांच्या ओळीला त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "बराबर हाय." जेवली का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, भात खाल्ला, भाजी ठेवली. तो हसला. आणि मग म्हणाला, "बघू देता का? लांबून."

मी कागद उलटा केला. मागं कोरा होता. बघू द्यायचं असं नव्हतं आणि बघू द्यायचं नाही असंही नव्हतं. पोरगी भिंतीपलीकडं, चार पावलांवर, ठोकळे मांडत बसली होती. बघण्यानं काय होणार होतं? आणि बघून झाल्यावर हात पुढं केला तर?

"कागदावर नाही," मी म्हटलं.

"न्हाई म्हणून बी न्हाई ना लिवलेलं."

"लिहिलंय तेवढंच देते मी."

 आतून कुणाचं तरी रडणं आलं तेव्हा त्याची मान वळली. ते दुसऱ्याच लेकराचं होतं, पण तेही मी सांगू शकत नव्हते. तो उठून गेला. त्या दिवशी मी रात्रीच्या वरणात दोनदा मीठ घातलं. बापाला चार पावलांवरून परत पाठवलं ते नियम म्हणून, आईच्या शब्दासाठी म्हणून, की काही ठरवता येईना म्हणून नाही म्हणणं सोपं पडलं, हे मला नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं, बघू द्या म्हणत होता. ती पोरीच्या चपलेचा पट्टा लावत होती.

"मंग तुमी काय म्हणलं?"

"नाही म्हटलं."

"बरं केलं," ती म्हणाली आणि निघाली. बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली. "पुढल्या बाजारी मी ऱ्हाते हितं. माझ्यासमोर बघू द्या."

त्या बाजारी ती कामावर गेली नाही. पोरगी मांडीवर घेऊन आतल्या दारात बसली. तो ओसरीच्या पायरीवर. मधे मी, रजिस्टर उघडून, काहीतरी लिहीत असल्यासारखी. त्यानं बोरांची पुडी आणली होती, ती त्यानं मधल्या जागेत ठेवली. पोरीला हाक मारली नाही. ती आईच्या पदरात तोंड घालून एका डोळ्यानं बघत होती. त्यानं विचारलं, औषध संपलं का. आई म्हणाली, हाय. तो म्हणाला, उन्हाळ्यात जपाय लागंल. ती म्हणाली, "ठाऊक हाय मला."  पोरगी केव्हातरी उठली, पुडी उचलली आणि आईकडं परत गेली. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. बोरं मात्र आईनं एकेक करून बघितली आणि मगच तिला दिली.

तेव्हापासून तो बहुतेक बाजारांना येतो. आईला जमलं तर ती थांबते. नाही जमलं तर तो पायरीवर बसून, जेवली का, एवढं विचारून जातो. मधे एकदा पोरीला ताप आला होता. मी दोघांना फोन केले, अंग पुसलं, औषध दिलं. झटका आला नाही. दोघंही आले. तो दारातूनच बघून गेला. ती अजून मागच्या बोळानंच येते. तिची भीती गेलेली नाही, आणि तो कधीच काही करणार नाही असं मी तिला लिहून देऊ शकत नाही. माझ्यापुढं तो फक्त पायरीवर बसलेला माणूस आहे. घरी तो कोण आहे, हे मला माहीत नाही.

परवा मॅडम तपासणीला आल्या. त्यांनी एक छापील कागद पुढं केला, की माझ्या पाळणाघरात अनधिकृत व्यक्ती येत नाही आणि लेकरांची माहिती अशा व्यक्तीला दिली जात नाही. मी विचारलं, बाप अधिकृत की अनधिकृत? त्या म्हणाल्या, "तुम्ही सही करा, बाकीचं सोडा." मी सही केली. मग त्यांनी फाईल चाळली आणि वहीच्या पानावरचा तो कागद बघितला. हा नमुन्यात नाही, म्हणाल्या, फाईलमधून काढा. मी काढला.

तो आता माझ्या साड्यांच्या कपाटात आहे. बाजाराच्या दिवशी मी तोच बघते, आणि त्यात नाही असं काही बापानं विचारलं, तर संध्याकाळी आईला विचारून पुढल्या बाजारी सांगते, असं म्हणते. सही केलेल्या कागदाशी हे जुळतं की नाही, ते मी मॅडमना पुन्हा विचारलेलं नाही. पोरगी रोज संध्याकाळी आईचं बोट धरून जाते. ती बोळातून वळेपर्यंत मी मागच्या दारात उभी असते, आणि मगच कुलूप लावते.